नुकतंच लग्न झालेल्यांनो, तुमच्या लग्नाचा दिवस आता आठवला की काय वाटतं? काही वेगळं करायला हवं होतं का?

माझ्या लग्नाला आज १९ दिवस झाले म्हणजे उत्तर द्यायला मी अगदी ताजी आहे, पण अडचण अशी की माझं लग्न मी सोडून सगळ्यांनी पाहिलंय.

खरंच सांगते. सकाळी साडेसहाला मला धरमपेठेतल्या पार्लरमध्ये नेऊन बसवलं ते साडेदहालाच उठवलं, तिथून थेट वर्धा रोडवरच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत, आणि बाहेर काय चालू आहे ते चुलत बहीण मधून मधून येऊन सांगायची, तेही अर्धवट, कारण तिला स्वतःला नाचायला जायचं होतं. आमच्याकडचे निम्मे पाहुणे मेट्रोनं खापरीला उतरून तिथून ऑटोनं आले, माझ्या दोन मावशा नऊवारी नेसून नथीसकट मेट्रोत उभ्या होत्या म्हणे, आणि हे मला कधी कळलं तर लग्नानंतर चार दिवसांनी फॅमिली ग्रुपवर फोटो आला तेव्हा. मला ते बघायचं होतं हो!

मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा. हो, मे महिन्यात, नागपुरात. संध्याकाळसाठी कुठलंच सभागृह मिळालं नाही आणि एसीवाल्याचा रेट ऐकून बाबांनी फोनच ठेवून दिला. वऱ्हाड अमरावतीहून यायचं होतं, दीडशे किलोमीटर, ते कोंढाळीला नाश्त्याला थांबले आणि इकडे आमचे तर्री-पोहे गार होऊन राहिले. मग गेटपासून दारापर्यंतच्या शंभर पावलांना संदलच्या, म्हणजे आमच्याकडच्या वरातीतल्या ढोलवाल्यांच्या, तालावर त्यांनी ४० मिनिटं लावली, त्या उन्हात, डांबर पाघळत असताना. नवरदेवाच्या एका मित्राला भोवळ आली, त्याला कांद्याचा वास देऊन ग्लुकोज पाजलं आणि तो परत नाचायला गेला. हेसुद्धा मला ऐकूनच माहीत. मुहूर्त केव्हाच टळला होता, गुरुजींना विचारलं तर म्हणे अजून आहे. गुरुजींचं घड्याळ वेगळं असतं बहुतेक.

आता कूलरबद्दल सांगते, कारण वेगळं काय करायचं असतं तर हेच. मांडवात ते मोठे लोखंडी डेझर्ट कूलर लावले होते, आठ, त्यातले दोन अगदी स्टेजकडे तोंड करून. आवाज असा की मंगलाष्टकं कोणालाच ऐकू येत नव्हती, माइक असून. त्यामुळे 'सावधान' नेमकं कधी झालं हे मागच्यांना कळेना, कोणी आधीच अक्षता टाकल्या, कोणी दोन कडवी उशिरा, आणि ज्या टाकल्या त्या कूलरच्या हवेनं उडून सरळ माझ्या डोळ्यात. फोटोत मी रडतेय असं सगळ्यांना वाटतं, सासूबाईंनी तर चार जणींना सांगितलं की पोरगी फार हळवी आहे. तो तांदूळ होता. मामानं पाच मिनिटं कूलर बंद करायला सांगितलं होतं पण लोकांनी असा आरडाओरडा केला की परत चालू. आजी तर त्याच कूलरसमोर बसून झोपली, वाजंत्री वाजली तेव्हा उठली आणि मलाच विचारते, "काहून वं, लागलं काय लगन?" आता म्हणते मी डोळे मिटून ऐकून राहिली होती.

जेवणाचं विचारू नका. दोन महिने भांडून मेनू मी ठरवला होता, वडाभात, पाटोडीचा रस्सा, आलूवांग्याची भाजी, मठ्ठा, पनीर अजिबात नाही. मला त्यातली जिलबी मिळाली, अर्धी, घास भरवायच्या फोटोपुरती. रस्सा झणझणीत झाला होता हे मला आजवर अकरा जणांनी सांगितलंय. मांडवपरतणीला माहेरी गेले तर आईला म्हटलं आधी पाटोडी कर, बाकीचं नंतर बोलू.

परवा महापालिकेच्या झोन ऑफिसला लग्नाची नोंदणी करायला गेलो (९० दिवसांच्या आत करून टाका, नंतर दंड लागतो, आणि तीन साक्षीदार लागतात, त्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळणं हे लग्नापेक्षा कठीण), तर खिडकीवर लग्नाचा फोटो मागितला. दोघांचा एकत्र, नीट, समोर बघतानाचा. फोटोग्राफर म्हणतो अजून महिना लागेल. मोबाईलमध्ये शोधले तर ३०० फोटो आणि प्रत्येकात कोणीतरी तिसरं मध्ये उभं. शेवटी मावशीनं काढलेला एक सापडला, त्यात पण माझा एक डोळा बंद, तांदळामुळेच.

तरी एक गोष्ट आहे जी फक्त माझी आहे. अंतरपाट धरला होता, मी मान खाली घालून उभी, आणि त्या कूलरच्या हवेनं अंतरपाट शिडासारखा फुगला आणि खालून वर उडाला, एक सेकंद फक्त, आणि नवरा सरळ समोर दिसला. मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, घामानं टिळा नाकापर्यंत आलेला. मला हसू आलं, तोही हसला असं मला वाटलं. सगळ्यांचे व्हिडिओ पाहिले, त्या सेकंदाला कोणाचाच कॅमेरा तिकडे नाही. शेवटी काल रात्री गच्चीवर पाणी शिंपडून बसलो होतो, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू आहे, खोलीत झोपवत नाही, तेव्हा त्यालाच विचारलं, तुला आठवतं का?

तर म्हणतो, "कधी? मी तर पूर्ण वेळ मामाजींच्या हाताकडे पाहून राहिलो होतो, कपडा आता सुटते का मग सुटते."