‘भ्रमनिराश’ कुणाचाही होत नसतो

अमळनेरच्या एका प्राध्यापक ताईंनी विचारलंय. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सची १८९० सालची, तिथल्या यादवी युद्धातली कथा, ‘ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’, त्या वर्गात मराठीतून समजावून सांगतात. फाशी जाणाऱ्या फार्करला जे दिसतं त्याला भास म्हणायचं की भ्रम? शिवाय एका विद्यार्थ्यानं पेपरात लिहिलंय, ‘शेवटी वाचकाचा भ्रमनिराश होतो.’ हे चालेल का?

पहिल्याचं उत्तर झटपट देतो. भास इंद्रियांना होतो, भ्रम बुद्धीला. पुलावर उभ्या फार्करला स्वतःच्याच घड्याळाची टिकटिक ऐरणीवर घण पडावा तशी ऐकू येते, तो भास. दोर तुटला, नदीत पडलो, पोहून निसटलो, घरी पोचलो, हे सगळं तो खरं धरून चालतो, तो भ्रम. वेदान्तातल्या रज्जुसर्पाची इथे उलटी तऱ्हा आहे. तिथे दोरीच्या जागी साप दिसतो. इथे दोरी शाबूत आहे आणि दिसते मात्र तुटलेली!

आता ‘भ्रमनिराश’. चालणार नाही. जळगावातल्या सत्कारसभांत हा शब्द ऐकून कान किटले. केळीचे भाव पडले की ‘रावेरच्या शेतकऱ्यांचा भ्रमनिराश’ छापून आलंच. अहो, भाव चढेल असं वाटणं ही आशा. ती मोडली की अपेक्षाभंग. त्यात भ्रम कुठून आला? आणि तो ‘निराश’ कसा काय झाला?

मूळ शब्द ‘निरास’, आणि ‘आशे’शी त्याचं काडीचं नातं नाही. निर् अधिक अस्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, अस् दोन आहेत. एक ‘अस भुवि’, म्हणजे असणे. त्यातून सत् आणि सत्य. दुसरा ‘असु क्षेपणे’, म्हणजे फेकणे, आणि त्याच्याच पोटी आलं अस्त्र. फेकून मारायचं ते अस्त्र, हातात धरून चालवायचं ते शस्त्र. न्यास, विन्यास, संन्यास ही सगळी याच दुसऱ्या अस् ची भावंडं. ‘अभ्यास’सुद्धा! अभि म्हणजे रोखानं, अस् म्हणजे फेकणे. माझं तर ठाम मत आहे की हा शब्द धनुर्विद्येच्या मैदानातून पाठशाळेत आला असणार. कुणी पुरावा मागेल, मागू दे.

तर निरास म्हणजे भिरकावून बाहेर काढणे. भ्रमावर अस्त्र सोडणे म्हणा ना! आणि हे बिअर्सइतकं कुणाला कळणार? हा माणूस यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं नवव्या इंडियाना पलटणीत लढला आणि १८६४ मध्ये केनेसॉ माउंटनला डोक्यात गोळी खाऊन आला. त्याच्या कथेचं शेवटचं वाक्य नुसतं सांगतं की फार्कर मेलाय, मान मोडलेलं प्रेत पुलाच्या लाकडांखाली झुलतंय. एक फेक, आणि आधीची सगळी पळापळ साफ.

धातुपाठ इथेही हात देतो. भ्रम म्हणजे ‘भ्रमु अनवस्थाने’, एका जागी न ठरणे. वस्तू येते ‘वस निवासे’तून, म्हणजे राहणे. रानोमाळ भटकणारा फार्कर हा भ्रम, आणि दोराला राहिलेलं प्रेत ही वस्तू. वास्तववादी कथा म्हणतात ती हीच.

पुण्याकडचे एक जाणकार म्हणतात, शास्त्रापेक्षा रूढी बलवान, लोक निराशा म्हणत असतील तर तोच अर्थ. बरं. मग भ्रम खरोखर दूर होतो, त्याला काय म्हणायचं? अपेक्षाभंगाला शब्द आधीच होता. त्याला दुसरा दिलात आणि याचा एकुलता एक काढून घेतलात. रूढीचा हवाला देण्याआधी शब्दकोशात ‘निरास’ उघडून पाहायला फार श्रम पडत नाहीत.

आणि ताई, वर्गात शेवटावरच थांबू नका. दुसऱ्या भागात करड्या गणवेशातला एक घोडेस्वार फार्करच्या दारी येऊन पाणी मागतो. गणवेश दक्षिणेचा, म्हणून फार्कर त्याला आपल्यातला समजतो आणि पुलाची माहिती विचारून घेतो. तो निघतो उत्तरेचा हेर. हे बिअर्स भागाच्या अगदी शेवटी सांगतो, तेही एका छोट्या वाक्यात. फार्करला ते कळल्याचं कथेत कुठेच दिसत नाही. निरास होतो तो फक्त वाचकाचा. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यानं हेरलंय ते बरोबर आहे, फक्त त्याला एकच निरास दिसला, आहेत दोन. गुण द्या त्याला. ‘निराश’बद्दल अर्धा कापा.