काचबिंदूवर डोळ्याचं आवरण कडक करण्याचा उपचार येतोय म्हणे. तोवर आईचे थेंब बंद ठेवले तर चालेल का?

अजिबात नाही. एक दिवससुद्धा नको.

हाच वाद आमच्या घरात झालाय, म्हणून लिहितेय. आई माझ्याकडे ठाण्यात, चरईत असते, दादा नेरुळला. तिलाही काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब कमी करणारे थेंब चालू आहेत, रात्री लॅटानोप्रोस्ट, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल. दादाचं एकच पालुपद, "जन्मभर थेंब म्हणजे कंपन्यांचा धंदा. पेपर वाचते ना ती?" वाचतेच. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. आई त्याच्याकडे राहायला गेली की बाटल्या पिशवीतच राहायच्या. पुढच्या फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेचा पसारा मोजण्याच्या तपासणीला, मी शेजारी होते. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, दिवा चमकला की बटण दाबायचं. यंत्राचा आवाज येत राहिला आणि आईचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला. बाहेर येऊन म्हणते, "मधे बराच वेळ दिवे लागलेच नाहीत गं." रिपोर्टवर नाकाकडचा काळा भाग वाढला होता. तो परत मिळत नाही. दादाला हे अजून पटलेलं नाही.

आता तुमचा उपचार. डोळ्यातल्या दाबाने मागे, नजरेची नस जिथून बाहेर पडते तिथली जाळी आणि भोवतीचं पांढरं आवरण ताणलं जातं, नसेचे तंतू मरतात. आवरण कडक केलं तर ताण कमी बसेल, अशी कल्पना. समोरच्या पारदर्शक पडद्यावर केराटोकोनससाठी (हा पडदा पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) हे होतंच, रायबोफ्लेविन म्हणजे बी-2 जीवनसत्त्व आणि अतिनील किरणांनी. अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. पण मागचं आवरण हे वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांमध्ये ते रसायनाने कडक केलं, तर दाब वाढल्यावर नसेचं नुकसान उलट जास्त झालं. हे 2014 मध्ये छापून आलंय. नेमकी कुठली जागा, किती कडक करायची, यावर काम चालू आहे. होऊ दे. तुमच्या आईच्या नसेचं नुकसान तोवर थांबणार नाही.

थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरा, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. मी डॉक्टर नाही. दमा असेल तर टिमोलॉलबद्दल डॉक्टरांना आधी सांगा, थेंब सोसत नसतील तर बदलून घ्या, लेझर आणि ऑपरेशनचं विचारा. आणि स्वतःचा दाब आणि नस तपासून घ्या, हे घराण्यात चालतं. मी दर वर्षी तपासते. दादाने अजून तपासलेलं नाही.