पाटीवर सवलत, काउंटरवर नकार

प्रश्न : मी चार घरची धुणीभांडी करते. नवरा रोजंदारीवर. रेशन कार्ड केशरी आहे. मुलगी सातवीत आहे. शाळेच्या उन्हाळी शिबिरात ती महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकली आणि तिथल्या प्रशिक्षकांनी तिला कायमच्या बॅचला घाला म्हणून सांगितलं. तलावाच्या फाटकाजवळ जुनी पाटी आहे, त्यावर पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांच्या मुलांना शुल्कात ५० टक्के सवलत असं लिहिलंय. आता तलाव ठेक्यावर दिला आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ती सवलत महापालिका तलाव चालवायची तेव्हाची, आता नाही. प्रभाग कार्यालयात गेले तर ते म्हणतात ठेकेदाराशी बोला. कुणी सांगितलं, नगरसेवकाचं पत्र आणा, मग दुपारच्या बॅचला घेऊ. दुपारी तिची शाळा असते. एका महिन्याचे पूर्ण पैसे मी उसने घेऊन भरले, पावती आहे. यात आमचा काही हक्क आहे का, की ही नुसती मेहेरबानी?

उत्तर : ताई, शेवटी विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो. अर्ध्या पैशांत पोहायला शिकण्याचा हक्क कुठल्याही कायद्यात थेट लिहिलेला नाही. पण महापालिकेने एकदा सवलत ठरवली असेल आणि तो निर्णय आजही रद्द झालेला नसेल, तर ती तुम्हाला मिळालीच पाहिजे. मग मेहेरबानीचा विषयच येत नाही. तुमचं प्रकरण दोन कागदांवर उभं राहील किंवा पडेल : सवलतीचा ठराव आणि ठेकेदाराशी झालेला करारनामा. पाटी हा पुरावा म्हणून चांगला, पण पाटी म्हणजे ठराव नव्हे. उद्या फाटकाला रंग दिला की ती पुसली जाईल. आजच मोबाइलवर तिचा फोटो काढा, तलावाचं फाटक ओळखू येईल असा.

अशा वेळी लोक पहिल्यांदा राज्यघटनेचं नाव घेतात, म्हणून तिथे काय आहे आणि काय नाही ते सांगतो. अनुच्छेद १५(२) म्हणतं की सरकारी पैशांतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. या यादीत गरिबी नाही. त्यामुळे 'पैसे नाहीत म्हणून अडवलं' हे या अनुच्छेदात बसत नाही, आणि कोणी वकील तसं सांगून तुमच्याकडून फी घेत असेल तर सावध राहा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत मात्र उद्यानं, क्रीडांगणं यांसारख्या सोयी, दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण आणि शहरी गरिबी कमी करणं हे तिन्ही विषय नागरी संस्थांच्या कामांत धरलेले आहेत. म्हणजे 'हे आमचं कामच नाही' असं महापालिकेला म्हणता येत नाही. फक्त १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अशा सोयी बंधनकारक कर्तव्यांत नाहीत, ऐच्छिक कामांत आहेत. पाणी आणि कचरा यांसाठी महापालिकेला जसं धारेवर धरता येतं, तसं 'तलाव बांधा' म्हणून धरता येत नाही.

पण बांधल्यावर आणि दर ठरवल्यावर गोष्ट बदलते. सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेले निकष तिने स्वतः पाळलेच पाहिजेत, मनाला येईल तेव्हा ते बाजूला ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या खटल्यात सांगितलं. तो वाद विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्याचा होता, पण तत्त्व तुमच्या कामाचं आहे. त्याचा आधार अनुच्छेद १४, म्हणजे मनमानीला मनाई. तुमचा मुद्दा एका वाक्यात असा मांडायचा : सवलत ठरवलीत तुम्ही, रद्द केली नाहीत तुम्ही, मग काउंटरवरचा माणूस ती कशी रद्द करतो?

आता ठेकेदार. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, करारनाम्यात काय आहे ते पाहायला हवं. बहुधा तीनपैकी एक निघेल. सवलतीची अट करारात किंवा निविदेच्या अटी-शर्तींत असेल, तर तो सरळ अटीचा भंग करतो आहे. बहुतेक ठेक्यांत अशा भंगासाठी दंडाची तरतूद असते, आणि महापालिकेने एक नोटीस पाठवली की काम होतं. दुसरी शक्यता जास्त त्रासाची : ठराव जिवंत आहे, पण करारात सवलतीचा उल्लेखच नाही. तिथे ठेकेदार म्हणेल, मला कुणी सांगितलंच नाही. त्याचं म्हणणं खोटं नसेलही. पण तो वाद त्याचा आणि महापालिकेचा. तलाव महापालिकेचा, दर महापालिकेने ठरवलेले. चालवायला दुसऱ्याला दिला म्हणून तिचा स्वतःचा ठराव विरघळत नाही, असं माझं ठाम मत आहे. फरकाची रक्कम महापालिकेने ठेकेदाराला भरून द्यावी किंवा त्याच्याकडून येणाऱ्या पैशांतून वळती करावी, त्यांचं त्यांनी पाहावं. एक लक्षात ठेवा : त्या करारात तुम्ही पक्ष नाही, म्हणून मागणी करायची ती महापालिकेकडे. ठेकेदाराशी हुज्जत घालण्यात तुमची रोजी बुडवू नका. तिसरी शक्यता म्हणजे ठराव रीतसर रद्द झालेला असणं. तसं असेल तर कायद्याची वाट जवळजवळ संपते. त्याबद्दल शेवटी सांगतो.

हे कागद मिळवायला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. अर्ज महापालिकेच्या क्रीडा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. ठराव कुठे असतो हे खुद्द महापालिकेतही पुष्कळांना ठाऊक नसतं. सर्वसाधारण सभेच्या ठरावांचं दप्तर नगरसचिव कार्यालयात असतं, म्हणून एक वेगळा अर्ज तिथेही टाका. मागायचं ते असं : तलावाच्या शुल्कात सवलत देणाऱ्या ठरावाची प्रत, तो रद्द किंवा दुरुस्त झाला असल्यास त्या ठरावाची प्रत, तलाव चालवायला दिल्याचा करारनामा अटी-शर्तींसह, आणि सध्या मंजूर असलेलं दरपत्रक. 'सवलत का देत नाही?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं, नोंदीत असलेला कागद देण्याचं असतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ असतं, पण केशरी कार्डावर ती माफी मिळत नाही, म्हणून स्टॅम्प लावाच. त्यावरून अर्ज परत आला तर तुमची आणखी एक खेप वाया जाईल.

उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. करारनामा खासगी आहे, ठेकेदाराची संमती हवी, असं उत्तर येण्याची शक्यता मी धरून चालतो. त्याला घाबरू नका. या कायद्याच्या कलम २ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येतच करार आहेत. शिवाय सवलती कुणाला दिल्या याचा तपशील लोकांनी मागण्याआधीच जाहीर करायचा, असं कलम ४ सांगतं.

कागद येईपर्यंत थांबू नका. साध्या कागदावर आयुक्तांच्या नावे अर्ज लिहा : पाटीचा फोटो, रेशन कार्डाची आणि पावतीची झेरॉक्स जोडा, सवलत लागू करा आणि जास्त घेतलेली रक्कम परत करा असं मागा. आवक-जावक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न असतो : लेखी मागितलं होतं का? लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्यातून एकदा अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात त्या दिवशी, याच अर्जाची प्रत घेऊन जाता येतं.

दुपारच्या बॅचचं मला सगळ्यात जास्त खटकलं. सवलतवाली मुलं एकत्र करून ज्या वेळी तलाव रिकामा असतो त्या वेळी त्यांना सोडायचं, ही युक्ती अनेक सोयींत दिसते. शाळकरी मुलांसाठीची सवलत शाळेच्या वेळेत देणं म्हणजे ती कागदावर ठेवून हातात न देणं. ठरावात वेळेची अट नसेल, तर ठेकेदाराला ती घालता येत नाही. असेलच, तर तिलाही अनुच्छेद १४ खाली आव्हान देता येईल, कारण वर्गवारी ज्या हेतूसाठी केली त्या हेतूशी तिचा संबंध असावा लागतो, आणि ही वर्गवारी तर हेतूच मोडते. वेगळ्या रंगाचं ओळखपत्र किंवा नोटीस बोर्डावर सवलतधारकांची यादी असला प्रकार होत असेल तर तोही अर्जात लिहा. तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्या यादीपायी पोहणं सोडून देईल, हे यादी लावणाऱ्याला कळत नसतं.

नगरसेवकाच्या पत्राचं काय? ठरावात तशी अट दिसली नाही तर पत्राची गरज नाही. काम लवकर व्हावं म्हणून तुम्ही ते घेतलंत तर त्यात गैर काही नाही. पण अर्जात 'शिफारशीवरून सवलत द्यावी' असं लिहू नका, 'ठरावानुसार' असं लिहा. ठराव क्रमांक कळला की तोही घाला.

पात्रतेचा पुरावा म्हणून उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो तहसील कार्यालयाकडून सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो. पण पाटीवर शिधापत्रिका लिहिलेली असताना आणखी दाखला कशाला, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

भरलेल्या पैशांबद्दल : पावतीवर ठेकेदाराचं नाव आणि रक्कम स्पष्ट असेल तर ती जपा. मंजूर दरापेक्षा जास्त रक्कम घेतल्याचं कागदावरून दिसलं, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. इतक्या छोट्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही. पण एका महिन्याच्या फरकासाठी तारखा घेत बसावं, असा सल्ला मी देणार नाही. ठराव जिवंत असूनही आयुक्त दाद देत नसतील, तर खरा मार्ग उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. त्यासाठी पैसे कुठून आणायचे याची चिंता नको : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. नुसती प्राधिकरणाची नोटीस गेली तरी पुष्कळ फाइली हलतात.

राहिली तिसरी शक्यता. सवलत रद्दच झाली असेल, तर न्यायालय महापालिकेला ती पुन्हा द्यायला सांगेल अशी आशा मी दाखवणार नाही. मग मागणी सभागृहाकडे आणि आयुक्तांकडे करायची, आणि ती अर्थसंकल्प तयार होण्याच्या आधी. महिला व बालकल्याणासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम राखली जाते. मुलींच्या पोहण्याच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यातून करा, असं महापालिकेच्या महिला व बालकल्याण समितीकडे मागता येईल. स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायला अनुच्छेद १५(३) उघड परवानगी देतं, म्हणून 'फक्त मुलींना कसं देणार' या आक्षेपात दम नाही. मागणी करताना सवलतीची रीतही सुचवा : महापालिका शाळेतल्या आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांना वेगळा दाखला न मागता सवलत, बॅच कुठलीही, फी महिन्याच्या हप्त्यांनी, आणि पुढच्या प्रत्येक निविदेत ही अट छापलेली. दाखले जमवण्यात ज्यांच्या चार दिवसांच्या रोजीवर पाणी पडतं, त्यांच्यासाठी निम्मी फी माफ होऊनही हातात फारसं उरत नाही.

हा अर्ज एकटीने करू नका, वस्तीतल्या ज्या पालकांना तलावावरून परत पाठवलं त्या सगळ्यांच्या सह्या घ्या. त्यात मुलांची नावं, वर्ग किंवा फोटो घालू नका. पालकांची नावं, पत्ते आणि रेशन कार्डाचा रंग एवढं पुरेसं आहे.