बूट खाणाऱ्या माणसाचे हात

प्रिय,

तुझं प्रहसन दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तीन ठिकाणी हसलो, दुसऱ्या वाचनात एकाच ठिकाणी. भांडण रंगात आलेलं असताना घरमालक हिशेबाची वही शोधायला लागतो, तिथे. ती जागा विनोदाची आहे हे तुझ्या लक्षातही आलं नसेल. बाकी सगळीकडे तुझी पात्रं आपण विनोदी आहोत हे ओळखून बोलतात, आणि घोळ तिथेच होतो.

चॅप्लिनचा १९२५ सालचा ‘द गोल्ड रश’ पुन्हा बघ. बर्फात अडकलेला उपाशी माणूस बूट शिजवून खातो, हे ठाऊक असतंच सगळ्यांना. तू त्याचे हात बघ. शिजला का म्हणून तो काट्याने टोचून पाहतो. नाडी काट्याभोवती शेवयांसारखी गुंडाळतो. तळव्यातले खिळे एकेक करून हाडकांसारखे चोखतो. कुठेही ‘बघा, कशी गंमत करतोय’ असा भाव नाही, तो नीट जेवतोय. (चित्रीकरणातला बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता म्हणे, पण पडद्यावर तो चामडंच चावतो.)

मूकपटांच्या काळातला दुसरा विनोदी नट बस्टर कीटन, त्याचंही तेच. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि वरची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून खाली येते. भिंत खरी होती. चार बोटं इकडेतिकडे झाली असती तर माणूसच गेला असता. ज्याला आपण टायमिंग म्हणतो, ते तिथे आधी जमिनीवर मोजून घेतलेलं होतं.

माझी पहिली एकपात्री अशीच पडली. शेवटच्या ओळीआधी मलाच हसू फुटलं. समोरच्यांनी मला हसताना पाहिलं आणि त्यांचं हसायचं राहून गेलं.

लिहिण्याची घाई नको. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेचे भाग लिहिले फक्त १२: सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. त्यातला हॉटेलवाला एक क्षुल्लक गोष्ट लपवायला जातो आणि ती झाकता झाकता त्याचा जीव मेटाकुटीला येतो. त्याच्या दृष्टीने ती शोकांतिकाच असते.

तेव्हा शाब्दिक कोट्या सगळ्या काढून टाक. दुसऱ्या पानावरची सुद्धा, ती तुझी लाडकी आहे हे दिसतंय. घरमालकाला वही शोधू दे, आणि निदान पाच पानं तरी ती सापडू देऊ नकोस. झालं की पाठव.