आईच्या बायबलमध्ये माझं नाव

प्रश्न : ताई, आईला जाऊन वर्ष झालं. तिचं बायबल माझ्याकडे आलं आहे. पुठ्ठा सुटलाय, शिवण उसवलीय, स्तोत्रसंहितेची पानं तर हातातच येतात. समासात सगळीकडे तिचं बारीक अक्षर. बाइंडर म्हणतो, कडा कापून नव्यासारखं करून देतो. भाऊ म्हणतो, नवीन घे, नाहीतर मोबाइलवर वाच. माझी खरी अडचण वेगळीच आहे. मत्तयच्या १८व्या अध्यायात, किती वेळा क्षमा करायची त्या वचनाशेजारी तिनं माझं नाव लिहिलंय आणि खाली तारीख. त्याच आठवड्यात मी तिच्याशी भांडून घर सोडलं होतं. ते दिसल्यापासून पुस्तक उघडवत नाही. आई माझे अपराध मोजत होती का?
– एक वाचक

उत्तर : आधी बाइंडरला थांबवा. कडा कापल्या की समास जातो, आणि तुमच्या आईचं लिखाण समासातच आहे. त्याला एवढंच सांगा : शिवण नव्यानं घाल, पुठ्ठा बदल, पण पानांना कटर लावू नकोस. सुटलेल्या पानांना सेलोटेप तर मुळीच नको. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि बायबलचा पातळ कागद त्याच्या कडेलाच फाटतो. पुस्तक देण्याआधी दिवसाच्या उजेडात पानापानाचे फोटो काढा. मध्ये चिठ्ठ्या असतील तर कुठली कोणत्या पानात होती तेही लिहून ठेवा. हे मी एकदा विसरले, अजून हळहळते.

भावाचंही थोडं ऐका. रोजच्या वाचनाला नवी प्रत घ्याच. पानांचे आकडे बदलतील, अध्याय-वचनं तीच राहतील. रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकानं १५५१मध्ये नवा करार वचनांना आकडे घालून छापला, त्याचा फायदा आपण अजून घेतो. फक्त आईच्या टिपा नव्या प्रतीत उतरवत बसू नका. अक्षर तुमचं होईल, आणि ती कुठे घाईत होती, कुठे थांबली होती, ते त्यात येणार नाही.

हे मी मावशीच्या बायबलवरून सांगते. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. मावशीनं चारही वेळा खाली रेघ मारलीय. पहिली पट्टी लावल्यासारखी सरळ. चौथी इतकी दाबून की तिचा वळ मागच्या पानावर बोटाला लागतो. मी या बाईला जन्मभर शांत स्वभावाची समजत होते!

थोरामोठ्यांचंही असंच. संगीतकार बाखकडे भाष्यासह छापलेलं तीन खंडांचं बायबल होतं. त्यावर त्यानं १७३३ साल घातलंय. छपाईच्या चुका दुरुस्त केल्यात, गळलेले शब्द भरलेत, आणि मंदिरातल्या गायन-वादनाच्या वर्णनाशेजारी लिहिलंय की भक्तीच्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो. ते कुणाला दाखवायला लिहिलेलं नव्हतं. एक खंड १९३४मध्ये अमेरिकेतल्या एका घरात सापडला तेव्हा कुठे जगाला कळलं.

आता तुमचं नाव. आईच्या मनात काय होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो उतारा एकदा वरून वाचा. हिशेब मागतोय तो येशूचा शिष्य पेत्र : माझ्या भावानं अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? हा प्रश्न ज्याला क्षमा करणं जड जातंय त्याचा. तुमची आई त्या आठवड्यात पेत्राच्या जागी उभी होती, असं मला वाटतं. अपराध मोजायचे असते तर तिला दुसरी पानं कमी नव्हती. ती रागावली होती, हे मात्र खरं असणार. तेवढं तिला असू द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. नाव आणि तारीख एकाच शाईत आहे का? आसपास आणखी रेघा, आणखी तारखा आहेत का? माझ्या मावशीच्या पुस्तकात याच पानावर एक नाव आहे, तीन वेगवेगळ्या पेनांनी गिरवलेलं. ते माझ्या आईचं आहे. भिंग घेऊन उजेडात बसा, आणि काय दिसलं ते मला कळवा.