सायकल डवऱ्याचे (पिकाच्या ओळींतलं तण काढायचं, हाताने ढकलायचं अवजार) ५ मिमी एमएस प्लेटचे भाग लेझरने कापून घरच्या इन्व्हर्टर मशीनने वेल्डिंग करायचे आहेत. पहिल्यांदाच करतोय, काय सांभाळावं?

५ मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेटचे भाग आणि घरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, असं तुम्ही लिहिलंय. जोडी चांगली आहे.

निम्मं काम ड्रॉइंगमध्येच होतं. एका भागाला जीभ, दुसऱ्याला खाच ठेवा; मग भाग धरून बसावं लागत नाही. ५ मिमीच्या जिभेला ५.३ मिमीची खाच पुरते, पण दुकानातली प्लेट आधी व्हर्नियरने मोजा, जाडी थोडी कमी-जास्त निघतेच. छिद्र जाडीपेक्षा लहान नको. एम१० बोल्टला ११ मिमी ठेवा. डीएक्सएफ फाइल (लेझरवाल्याला द्यायची ड्रॉइंगची फाइल) मिमीमध्ये, १:१ मापाची हवी. रेषेवर रेषा राहिली तर मशीन तिथे दोनदा कापतं. लेझरच्या झोतात जेवढी रुंदी कापून जाते, ती ऑपरेटर हिशेबात धरतो; ड्रॉइंगमध्ये तुम्ही तिच्यासाठी जागा सोडू नका. लेझर कटिंगसाठी नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत जाण्याआधी हेच भाग पुठ्ठ्यात कापून जुळवा. कापून उरलेले तुकडेही मागून आणा, हात त्यांच्यावर बसवा.

लेझरने कापताना ऑक्सिजन वापरला असेल तर कडेवर करडा थर असतो. तो ग्राइंडरने काढला नाही तर जोडात बारीक भोकं पडतात, नंतर रंगही सुटतो.

वेल्डिंगला ६०१३ नंबरचा २.५ मिमी रॉड, ७० ते ८५ अँपिअर. अर्थ क्लॅम्प (मशीनच्या दुसऱ्या वायरचा चिमटा) घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. आधी समोरासमोर १० मिमीचे टाके (छोटे वेल्ड) मारा, गुण्या लावा, मगच पुढे. सगळ्यांचं इथेच चुकतं: एका बाजूने सलग ओढत नेलं की जोड थंड होताना आकसतो आणि भाग त्या बाजूला ओढला जातो. २५-३० मिमी इकडे, तेवढंच तिकडे, असं करा. प्रत्येक वेळी जोडावर जमलेली खपली (स्लॅग) पूर्ण झाडा.

व्होल्टेज पडलं की रॉड चिकटतो. तेव्हा अँपिअर वाढवत बसू नका, काम थांबवा. एक्स्टेंशन किमान २.५ चौरस मिमी तांब्याचं, पूर्ण उलगडलेलं. पावसाळ्यात उघडा राहिलेला रॉड दमट होतो, वाळवून घ्या.

फास (मातीत चालणारं पातं) मात्र वेल्ड करू नका, बोल्टनेच बसवा. कडक पोलादाचा जोड थंड होताना तडकतो, आणि धार लावायला फास काढावा लागतोच.

वेल्डिंगच्या मुखवट्याची काच १० नंबरची; साधा काळा गॉगल अजिबात चालणार नाही. बघायला जमलेल्या पोरांना दूर पाठवा, त्यांचेही डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. ठिणग्या उडतात, म्हणून कुटाराचा (वाळक्या चाऱ्याचा) ढीग आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) किमान ३५ फूट लांब हव्यात, आणि काम संपल्यावर किमान तासभर तिथेच लक्ष ठेवा.