चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला ख्रिश्चन असावं लागतं का? नवऱ्याला पाठवायचंय, पण सासूबाई म्हणतात, बाटवतील.

नाही, ख्रिश्चन असावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच एएची अट आहे. चर्च बहुतेक वेळा फक्त जागा देतं. सासूबाईंची शंका अगदीच हवेतली नाही म्हणा: १९३५ मध्ये अमेरिकेत एए सुरू झालं ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतूनच, आणि दारू सोडण्यासाठीच्या त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो. पण तो ‘आपल्याला उमगलेला देव’. तुमच्या यजमानांचा विठोबाही चालतो. भावाबरोबर मी ओपन मीटिंगला (जिथे कोणीही बसू शकतं) बसलोय. प्लास्टिकच्या खुर्च्या, कपभर चहा, एकेक जण उठून ‘मी अमुक, मी मद्यपी आहे’ म्हणतो, शेवटी पिशवी फिरते, जमेल ते टाका. फी नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात भरती करायचीच वेळ आली तर वांद्र्याची कृपा फाउंडेशन पाहा. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केली. स्वतः धर्मगुरू, पण उपचारात अय्यंगार योग! (पुण्याकडे असाल तर मुक्तांगण आहेच.)

एक मात्र सांभाळा: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि ‘नुसत्या प्रार्थनेने सुटेल, गोळ्या बंद करा’ असं कोणी म्हणालं, मग तो पाद्री असो की बुवा, तर तिथून उठून या.